आमच्या बॅचच्या ग्रुपला खुलं पत्र: जॉर्जियातली ती ११,७७९ मतं

ग्रुपवरच्या समस्त मित्रमैत्रिणींनो,

हे खरं तर ग्रुपवरच टाकणार होतो, पण तिथं काही लांब लिहिलं की कुणी पूर्ण उघडून वाचत नाही, खाली लगेच सुविचार येतो, मग कुणाचातरी वाढदिवस निघतो, पन्नास केक पडतात की संपला विषय. म्हणून इथं उघड्यावर लिहितोय. आपल्यासारखे ग्रुप घरोघरी आहेत, त्यातल्या कुणी वाचलं तर तेवढंच बरं.

झालं असं की परवा एकाच दिवशी ग्रुपवर दोन गोष्टी आल्या. सकाळी आपल्या फोर्साइथवाल्यानं (फोर्साइथ म्हणजे अटलांटाजवळची एक काउंटी; नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीये) तो जुनाच व्हिडिओ परत टाकला, अटलांटाच्या स्टेट फार्म अरीनातला, जिथं मतं मोजत होते, टेबलाखालून म्हणे सूटकेसा ओढतायत आणि मतं कोंबतायत, आणि खाली लिहिलं, 'आता तर सिद्धच झालं, २०२० ला जॉर्जिया चोरलं' (अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथं ट्रम्प बायडनकडून हरले ते). दुपारी आपल्या अकलूजवाल्यानं टाकलं की अमेरिकेसारखा देश मतपत्रिकेवर मतदान घेतो, जॉर्जियात ५० लाख मतं हातानं मोजली, आणि आपण अजून ईव्हीएमची बटणं दाबतोय, जागे व्हा. म्हणजे राज्य एकच, निवडणूक एकच, एकाच्या मते ती जगातली सगळ्यात मोठी चोरी आणि दुसऱ्याच्या मते जगातला सगळ्यात चोख कारभार. आणि गंमत सांगू का, दोन्ही पोस्टला अंगठा देणारे सात जण तेच होते. मी नीट बघितलंय.

तर बाबांनो, मी एकवीस वर्षं जॉर्जियात राहतोय, ग्विनेट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). सिटिझन झाल्यावर २०२० ला पहिल्यांदा मतदान केंद्रावर कामाला गेलो, आणि नंतर ती जी हातानं मोजणी झाली त्यात चार दिवस लॉरेन्सव्हिलला, आमच्या काउंटीच्या मुख्य गावी, टेबलावर बसलो होतो. त्या ५० लाखातले थोडे कागद ह्या हातातून गेलेत. दोघांपैकी कुणी एकानं जरी मला आधी फोन केला असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

पहिलं अकलूजवाल्याला सांगतो, कारण ते सोपंय. अमेरिकेत आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही रे. प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि राज्यात परत प्रत्येक काउंटीचं वेगळं, जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत म्हणजे निकालाची दुकानं १५९. ह्या राज्यात २००२ पासून चक्क टचस्क्रीन मशीन होती, कागदबिगद काही नाही, बोट लावायचं, मत मशीनच्या पोटात, संध्याकाळी पोटातलं बाहेर काढायचं. तुझ्या त्या 'प्रगत देशा'त २०१६ चं अध्यक्षपदाचं मतदान इथं असंच झालं. ट्रम्प तेव्हा २,११,१४१ मतांनी जिंकले आणि कुणाला फेरतपासणी करावीशी वाटली असती तरी हातात घेऊन बघायला केंद्रावर पडलेल्या मतांचा एक कपटाही नव्हता. त्यावर्षी चोरी झाली असं फोर्साइथवाला कधी म्हणाला नाही, नोंद असावी.

मग काही मतदार कोर्टात गेले, एमी टोटेनबर्ग नावाच्या न्यायाधीश बाईंनी २०१९ ला सांगितलं की ही जुनी मशीन बंद करा, आणि २०२० ला नवीन आली. ती पण टचस्क्रीनच! फक्त आता तुम्ही स्क्रीनवर निवडलं की प्रिंटरमधून एक मोठा कागद बाहेर येतो, त्यावर तुम्ही कुणाला मत दिलं ते अक्षरात छापलेलं असतं आणि वर एक क्यूआर कोड. तो कागद हातात घ्यायचा, वाचायचा (शंभरातले निम्मे तरी वाचत नाहीत, मी दिवसभर उभा राहून बघितलंय), आणि स्वतः स्कॅनरमध्ये सरकवायचा. स्कॅनर क्यूआर कोड वाचून मत मोजतो आणि कागद खालच्या कुलूपबंद पेटीत पडतो. कागदावर पेननं गोल रंगवायची मतपत्रिका मुख्यतः टपालानं मत देणाऱ्यांना. तर जॉर्जिया म्हणजे नुसतं मशीनही नाही आणि नुसती मतपत्रिकाही नाही, मधलंच काहीतरी आहे, आणि ते मधलं आहे म्हणूनच पुढचं सगळं घडू शकलं.

आता त्या आठवड्याचं. ३ नोव्हेंबर, मंगळवार, मी पहाटे साडेपाचला केंद्रावर, तोंडाला मास्क, वर ती प्लॅस्टिकची काच, सकाळी सात ते संध्याकाळी सात मतदान. आमच्या केंद्राची मॅनेजर एक रिटायर्ड शाळामास्तरीण होती, तिनं आम्हाला सातवीच्या पोरांसारखं वागवलं. मतदान संपल्यावर स्कॅनरमधून एक लांब टेप निघते, किराणा दुकानाच्या बिलासारखी, त्यावर मॅनेजर आणि दोन जणांच्या सह्या लागतात. बाईंनी त्या झाल्याशिवाय कुणाला घराकडं जाऊ दिलं नाही. हे टेपचं लक्षात ठेवा, पुढं लागणारे.

रात्री घरी येऊन टीव्ही लावला तर ट्रम्प लाखाच्या वर पुढं. तुम्ही लोक तिकडं सकाळच्या चहाबरोबर बघत होतात आणि ग्रुपवर दोघांनी अभिनंदनपण करून टाकलं होतं. पण ते पुढं असणं म्हणजे काय होतं, तर केंद्रावर पडलेली मतं आधी मोजून झाली होती. करोनामुळं १३ लाखांच्या आसपास लोकांनी टपालानं मत दिलं होतं, आणि ट्रम्पनी स्वतःच महिनोन् महिने टपाली मतदानाच्या नावानं शंख केल्यामुळं त्यांची माणसं केंद्रावर आली आणि बायडनची माणसं टपालानं. ती पाकिटं उघडा, सह्या जुळवा, कागद सरळ करा, स्कॅन करा, त्याला वेळ लागतो. बुधवारी लीड घटलं, गुरुवारी अजून घटलं, आणि शुक्रवारी पहाटे साडेचारच्या सुमाराला अटलांटाच्या दक्षिणेच्या क्लेटन काउंटीची मतं आली आणि बायडन ९१७ मतांनी पुढं गेले. क्लेटनचा काही भाग जॉन लुईस ह्यांच्या मतदारसंघात येत होता. काळ्या लोकांना मताचा हक्क मिळावा म्हणून पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस, त्याच जुलैमध्ये गेला, आणि ज्या मतांनी राज्य फिरलं ती त्याच्या भागातून आली. माझ्या शेजारची म्हातारी काळी बाई त्या सकाळी अंगणात उभी राहून रडत होती, मला आधी वाटलं घरात कुणी गेलं की काय.

फोर्साइथवाल्या, 'रात्रीत आकडे कसे बदलले' ह्याचं उत्तर एवढंच आहे. आपल्याकडं पण पहिल्या फेरीत एका तालुक्याच्या पेट्या उघडतात आणि सोळाव्या फेरीत भलताच निवडून येतो, तेव्हा आपण म्हणतो का की पंधराव्या फेरीपर्यंत मी पुढं होतो, माझं लीड चोरलं?

पण फरक फारच कमी होता, १४ हजारांच्या आसपास, आणि इथं ज्याला एक जरी मत जास्त त्याला राज्याचे सगळे १६ इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी). म्हणून राज्याच्या निवडणूक खात्याचे प्रमुख, ब्रॅड राफेन्सपर्गर, ह्यांनी ठरवलं की सगळे कागद हातानं मोजायचे. हा माणूस रिपब्लिकन, पेशानं इंजिनिअर, स्वतः ट्रम्पना मत दिलेला आणि तसं उघड सांगणारा. कायद्यानं ऑडिट करायचंच होतं, थोडे नमुने काढून चाललं असतं, पण मतांचा फरक इतका बारीक की नमुना फार मोठा घ्यावा लागला असता, मग सगळेच मोजा.

आणि मोजणी कशी, ते सांगतो. टेबलावर दोघं. पहिल्यानं गठ्ठ्यातला एक कागद उचलायचा, त्यावरचं छापलेलं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघून ते नाव परत म्हणायचं आणि त्या त्या ढिगात ठेवायचा. ट्रम्प, बायडन, जॉर्गेन्सन (लिबर्टेरियन पक्षाची, तिला ६२,२२९ मतं पडली, फरकाच्या पाचपट, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही), कोरे, आणि न कळणारे वेगळे. क्यूआर कोडकडं बघायचंच नाही, अक्षर वाचायचं. म्हणजे मशीननं जे वाचलं त्याच्याशी आमचा काही संबंध नाही. मग ढीग मोजायचे, शीट भरायचं, दोघांनी सह्या. दोन्ही पक्षांची माणसं फिरत असायची, त्यांना हात लावायची परवानगी नाही, बघायची आहे. माझ्या जोडीला एक बाई होती, टेनेसीकडची मूळची, तिनं मत कुणाला दिलं असेल ते तिच्या गाडीवरच्या स्टिकरवरून कळत होतं, मी कुणाला दिलं असेल ते तिला माझ्याकडं बघून कळलं असेल. चार दिवस आम्ही 'बायडन', 'बायडन', 'ट्रम्प', 'ट्रम्प' असं देवळात जप चालतो तसं म्हणत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मी झोपेत बरळत होतो असं बायको सांगते.

चार दिवसात आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण कागद समोर आहे, त्यावर नाव छापलंय, भांडायचं कशावर?

आता इथं दोघांनीही कान उघडा. ह्या मोजणीत खरोखरच गडबड सापडली! फ्लॉइड काउंटीत २,६०० च्या आसपास मतपत्रिका स्कॅनच झाल्या नव्हत्या, पेटीत तशाच. फेएट काउंटीत २,७५५ मतांचं मेमरी कार्ड अपलोडच केलं नव्हतं. डग्लस आणि वॉल्टनमध्ये पण तीनशेच्या आत-आत. फ्लॉइडच्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. आणि ही राहिलेली मतं जास्त करून ट्रम्पची होती, त्यामुळं बायडनचं लीड १४ हजारावरून १२,६७० वर आलं. तेव्हा 'सगळं कसं चोख' असं म्हणणाऱ्या अकलूजवाल्यानं हे वाचावं, आणि 'सगळे मिळालेले होते' म्हणणाऱ्या फोर्साइथवाल्यानं हे वाचावं की मिळालेल्या लोकांनी ट्रम्पची राहिलेली मतं स्वतः शोधून, छापून, जाहीर करून त्यांच्या खात्यात का जमा केली असतील.

त्यानंतर ट्रम्पच्या बाजूनं फेरमोजणी मागितली, अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असला की तो हक्कच आहे, तर परत सगळं स्कॅनरमधून. शेवटचा आकडा, ७ डिसेंबरला शिक्का बसलेला: बायडन २४,७३,६३३, ट्रम्प २४,६१,८५४. फरक ११,७७९. १९९२ ला क्लिंटन जिंकल्यानंतर जॉर्जियात पहिल्यांदाच डेमोक्रॅट आला. तीन वेळा मोजलं, दोन पद्धतींनी, तिन्ही वेळा क्रम तोच. एपी वृत्तसंस्थेनं तर हातमोजणी संपेपर्यंत राज्याचा निकालच जाहीर केला नव्हता, १९ नोव्हेंबरला केला. शिवाय कॉब काउंटीत १५,११८ पाकिटांवरच्या सह्या तपासल्या, राज्याच्या तपास खात्याची माणसं बसवून, घोटाळा एकही निघाला नाही, दोन पाकिटं नडली, एकावर सही भलत्या जागी आणि एकावर नवऱ्याबायकोपैकी एकानं दुसऱ्याची सही ठोकलेली. (आपल्याकडं बँकेत बघा, काय काय निघेल.) मेलेल्या माणसांनी मतं दिली म्हणत होते ना, ५ हजार? राज्यभरात चार निघाली. चार हजार नाही, चार.

मग २ जानेवारी २०२१ चा, ट्रम्पनी राफेन्सपर्गरना केलेला तो फोन. तासभर चालला. अमेरिकेचा अध्यक्ष राज्याच्या अधिकाऱ्याला म्हणतोय की मला फक्त ११,७८० मतं शोधून काढायचीत, आमच्याकडं आहेत त्याहून एक जास्त. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पेपरात आलं. मी ते पूर्ण ऐकलंय, स्वयंपाकघरात कांदे चिरत, आणि मला सगळ्यात आवडला तो राफेन्सपर्गरचा आवाज. ना भाषण, ना आवेश. साइटवर कॉन्ट्रॅक्टर बिल वाढवून मागत असताना इंजिनिअर जसा म्हणतो ना की साहेब तुमचा डेटा चुकलाय, बस तेवढंच. आपण सगळे इंजिनिअर आहोत म्हणवतो, आपल्याला तर हा माणूस आपला वाटायला पाहिजे होता, पण ग्रुपवर त्याच्याबद्दल एक ओळ आली नाही कधी.

आता तो व्हिडिओ. फोर्साइथवाल्या, तू तो किती वेळा टाकलास माहितीये का, मी ग्रुपमध्ये सर्च केलं, अकरा वेळा. त्या सूटकेसा नव्हत्या, मतपत्रिका ठेवायचे नेहमीचे डबे होते, चाकं असलेले, आमच्याकडंही तसलेच. तपास अधिकाऱ्यांनी कापलेला नाही तर रात्रभराचा पूर्ण व्हिडिओ बघितला आणि सांगितलं की काहीही नाही. पण त्या व्हिडिओत दिसणाऱ्या दोन बायका, आई आणि मुलगी, काउंटीत काम करणाऱ्या, त्यांची नावं घेऊन ट्रम्पचे वकील रूडी जुलियानींनी सांगितलं की ह्या ड्रग्जच्या पुड्यांसारखे यूएसबी एकमेकींना देत होत्या. ते यूएसबी काय होतं माहितीये? आल्याची गोळी. घसा धरला म्हणून आईनं लेकीला आलेपाकासारखी गोळी दिली, आणि त्यापायी त्या बाईला घर सोडून पळावं लागलं, नातवाच्या फोनवर घाण घाण मेसेज आले. डिसेंबर २०२३ ला ज्युरीनं जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. मी त्याच खात्यात तसल्याच टेबलावर बसलो होतो रे, फक्त काउंटी वेगळी. माझ्या खिशात त्या दिवशी बडीशेप आणि विक्सची गोळी होती. तो कॅमेरा माझ्यावर असता आणि मी त्या टेनेसीवाल्या बाईला गोळी दिली असती, तर तू माझाही व्हिडिओ टाकला असतास का? हा प्रश्न मी खरंच विचारतोय, चिडून नाही. बरं, चिडूनच.

आणि तू नवीन जे काढलंस, 'आता सिद्ध झालं' वालं, त्याच्यावरही बोलतो, टाळत नाही. फुल्टन काउंटीनं (अटलांटा जिच्यात येतं ती) डिसेंबर २०२५ मध्ये मान्य केलं की २०२० च्या लवकर-मतदानाच्या, म्हणजे मुख्य दिवसाआधी केंद्रावर झालेल्या मतदानाच्या, बऱ्याच टेपवर सह्याच नव्हत्या. खरंय. वाईट आहे, नियम मोडलाय, आमच्या मास्तरीणबाईंनी त्यांना अंगठे धरून उभं केलं असतं. शिवाय फेरमोजणीत तिथं ३ हजारांच्या वर मतपत्रिका बहुतेक दोनदा स्कॅन झाल्या, त्याबद्दल राज्याच्या इलेक्शन बोर्डानं २०२४ ला त्यांना लेखी झापलंय. तेही खरंय. फुल्टनचा कारभार गलथान आहे हे अटलांटात राहणाऱ्या कुणालाही विचार. पण टेपवर सही नाही म्हणजे मत खोटं असं होत नाही, कागद पेटीत होता आणि तोच कागद नंतर दोघांनी उचलून मोठ्यानं वाचून मोजला. सातबाऱ्यावर तलाठ्याची सही राहिली म्हणून जमीन उडून जाते का?

आणि हे एकाच बाजूचं दुखणं आहे असंही नाही, म्हणजे मला डेमोक्रॅटांचा भाट ठरवू नका. २०१८ ला गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट स्टेसी एब्रम्स ५५ हजारांनी हरल्या आणि नेहमी उमेदवार करतात तशी हार मान्य केली नाही, समोर रिपब्लिकन ब्रायन केम्प होते जे स्वतःच तेव्हा निवडणूक खात्याचे प्रमुख होते, म्हणजे उमेदवारही तेच आणि अंपायरही तेच, तर संशय यायला जागा होतीच. पण त्यांच्या संस्थेनं केलेली केस २०२२ ला कोर्टात टिकली नाही. ती पण फॉरवर्ड होत असायची, आता होत नाही, एवढाच फरक.

मग २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक. त्याच मशीन, तोच क्यूआर कोड, खात्यावर तेच राफेन्सपर्गर, तोच फुल्टन. ट्रम्प २६,६३,११७, कमला हॅरिस २५,४८,०१७, फरक १,१५,१००. त्या दिवशी फोर्साइथवाल्यानं ग्रुपवर पेढ्याचा बॉक्स टाकला, बघा काढून. क्यूआर कोड त्या दिवशी एकदम सोवळ्यातला झाला.

आणि अकलूजवाल्या, हसू नकोस. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेला माढ्यात तुमचे अकलूजचे मोहिते-पाटील निवडून आले ते काय मतपत्रिकेवर? गुलालात माखलेला तुझा फोटो माझ्याकडं आहे. पाच महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला आणि ईव्हीएम बिघडलं. तरी माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांबद्दल मला आदर आहे, खरंच आहे. ३ डिसेंबरला गावानं स्वतःच्या मतपत्रिका छापून परत मतदान घ्यायचं ठरवलं, वर प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलिस आले आणि मतदान झालंच नाही. तिथं निवडून आलेला आमदार त्यांच्याच बाजूचा होता, म्हणजे हरले म्हणून रडत होते असंही नाही, गावातला आकडा पटत नव्हता. मला वाटतं त्यांची मागणी थोडी चुकली. परत मतदान कशाला? परत मत दिलं तर माणूस मत बदलूही शकतो. जे दिलंय त्याचे व्हीव्हीपॅटचे कागद पेटीत होतेच की, ते टेबलावर घ्या, दोघं बसवा, मोठ्यानं वाचा. गावात हजार-दोन हजार मतं, दुपारच्या जेवणाआधी झालं असतं. पण आपल्याकडं एका विधानसभा मतदारसंघातल्या पाचच केंद्रांचे कागद मोजतात आणि सगळे मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२४ ला फेटाळली. इथं कागद मतदाराच्या हातात येतो, तिकडं काचेमागं सात सेकंद दिसतो आणि पडतो, तेवढा फरक आहे, तो मागायचा तर मागा. 'अमेरिकेसारखं करा' म्हणू नका, अमेरिकेत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

क्यूआर कोडवर पण इथं सगळं आलबेल नाही बरं का. मतदाराला तो वाचता येत नाही, मग त्यात काय लिहिलंय ते त्याला कसं कळणार, हा आक्षेप मला पटतो. एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी जानेवारी २०२४ ला कोर्टात सगळ्यांसमोर साध्या पेननं मशीनमध्ये शिरून दाखवलं. तसं कुणी खऱ्या निवडणुकीत केल्याचं निघालेलं नाही, पण करता येतं एवढं पुरेसं आहे चिंतेला. म्हणून राज्यानं २०२४ ला कायदा केला की १ जुलै २०२६ पासून मोजणीसाठी क्यूआर कोड वापरायचा नाही. छान आहे. त्यासाठी पैसे आणि मशीन कुठून आणायचे हा प्रश्न होताच.

ह्याउलट २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, निवडणुकीला सहा आठवडे राहिले असताना, ह्याच राज्य इलेक्शन बोर्डानं ३ विरुद्ध २ मतांनी नियम काढला की प्रत्येक केंद्रावर रात्रीच तिघांनी बसून मतपत्रिका हातानं मोजायच्या, नावं नाही, नुसती संख्या. ऐकायला अकलूजवाल्याच्या मनासारखं वाटतं ना? पण पहाटे साडेपाचला आलेला माणूस रात्री आठला पेटीचं सील तोडून दोन हजार कागद मोजणार, तो चुकणारच, आणि त्याची चूक झाली की दुसऱ्या दिवशी तिचाच व्हिडिओ होणार. कोर्टानं मतदानाआधीच तो नियम थांबवला, जून २०२५ ला जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टानंही रद्दच ठेवला. आम्ही २०२० ला दिवसाढवळ्या, झोप काढून, पाळ्या लावून मोजलं होतं, आणि तरी सगळ्या राज्यात मिळून एकूण मतांत ०.१ टक्क्याचा फरक आलाच. माणूस मोजताना चुकतो, मशीन सेट करताना माणूसच चुकतो. म्हणून दोन्ही पाहिजे, एकानं दुसऱ्याला धरायला.

त्या फोनची केस पण संपली म्हणे, ट्रम्पसकट १९ जणांवर गुन्हा दाखल झाला होता ऑगस्ट २०२३ ला, फुल्टनच्या जेलमध्ये ट्रम्पचा फोटोही काढला, मग सरकारी वकील बाईंचंच लफडं निघालं, त्यांना बाजूला केलं आणि २६ नोव्हेंबर २०२५ ला केस रद्द. फोर्साइथवाल्यानं लगेच लिहिलं, 'निर्दोष'. रद्द आणि निर्दोष ह्यात फरक असतो रे, आपल्या बॅचमध्ये दोन वकील झालेत, त्यांना विचार.

तर माझी मागणी साधी आहे. फोर्साइथवाल्यानं तो व्हिडिओ बाराव्यांदा टाकू नये. अकलूजवाल्यानं 'अमेरिकेत मतपत्रिका' हा मेसेज काढून टाकावा, त्याजागी 'व्हीव्हीपॅट मोजा' असं लिहावं, मी पहिला अंगठा देईन. आणि ते सात जण, तुम्हाला काय सांगू, निदान एकालाच अंगठा द्या.

जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला येतोय, तिकीट काढलंय. हुरडा पार्टी बार्शी रोडला की अकलूजला ह्याचा ग्रुपवरचा पोल १९ विरुद्ध १८ झालाय आणि आत्ताच कुणीतरी लिहिलंय की दोघांनी दोन-दोन नंबरवरून मत दिलं. चिठ्ठ्या आणि डबा मी आणतो. मोजायला तुम्ही दोघं एका टेबलावर बसा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघून परत म्हणायचं.

तुमचाच,
ग्विनेटवाला